बाळंतपण माझं, मग सही नवऱ्याची का?

"ताई, मी २८ वर्षांची आहे, आठवा महिना चालू आहे. पहिली मुलगी साडेतीन वर्षांची. तिच्या वेळी सरकारी दवाखान्यात बाळंत झाले. आत नेल्यापासून बाहेर येईपर्यंत कुणी मला एक शब्द विचारला नाही. थोड्या थोड्या वेळाने कुणीतरी येऊन तपासून जायचं, एकदा तर शिकणारी तीन जणं एकामागून एक. शेवटी एका मावशींनी कोपराने पोट दाबलं. खाली कापलंय हे मला टाके घालताना कळलं. सहा महिन्यांनी अंगावरून फार जायला लागलं म्हणून दुसरीकडे दाखवलं, तर त्या डॉक्टर म्हणाल्या, 'तांबी (कॉपर-टी) आहे ना आत.' मला माहीतच नव्हतं. या वेळी खाजगी प्रसूतिगृहात नाव घातलंय. मागच्या आठवड्यात तिथे माझ्या नवऱ्याकडून एका छापील फॉर्मवर सही घेऊन ठेवली, मधल्या जागा कोऱ्याच. तारखेपर्यंत कळा आल्या नाहीत तर लगेच ॲडमिट करून कळा सुरू करू, असं मॅडम म्हणाल्या. मी विचारलं, नको म्हटलं तर? त्या म्हणाल्या, 'मग दुसरा दवाखाना बघा.' सासूबाई म्हणतात, डॉक्टरपुढे शहाणपण करू नये, बाळाला काही झालं तर? ताई, मला खरंच नाही म्हणायचा हक्क आहे का? की मी फक्त स्वतःपुरतं बघतेय?"

— एक वाचक, सांगली जिल्हा

हो, आहे. तुझ्या अंगाला कुणी हात लावायचा, सुई टोचायची, कात्री लावायची, तर तुझा होकार लागतो. बाळंतपणातही लागतो. आणि तू फक्त स्वतःपुरतं बघत नाहीयेस. पण या दुसऱ्या गोष्टीवर मी मागाहून येते, कारण तुझ्या सासूबाईंचं म्हणणं मला झटकून टाकायचं नाही.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी २९ वर्षं परिचारिका होते, त्यातली निम्म्याहून जास्त लेबर रूममध्ये. तुला ज्या हातांनी न विचारता तपासलं, तसे हात माझेही होते. पहिलटकरीण म्हटली की खाली कट द्यायचाच, असं आम्हाला शिकवलेलं होतं. कुणी विचारलं, "सिस्टर, काय करताय?" तर "काही नाही, बाळासाठी" एवढंच उत्तर तयार असायचं. बाईला विचारायचं असतं हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच यायचं नाही. पुढे आमच्याकडे बदली होऊन एक डॉक्टर आल्या. त्यांनी नियम केला, तपासायच्या आधी सांगायचं आणि ती "हं" म्हणेपर्यंत थांबायचं. आम्ही कुरकुर केली, इतक्या बायका, वेळ कुठून आणायचा. आठवड्याभरात लक्षात आलं की वेळ लागतच नाही. उलट विचारलेली बाई अंग चोरत नाही, आकसत नाही, तपासणी पटकन होते. मी ज्यांना विचारलं नाही त्या बायकांचे चेहरे मला अजून आठवतात. तुझ्या पत्राने ते पुन्हा समोर आले. म्हणून हे उत्तर नेहमीपेक्षा लांब होणार आहे.

कायद्याचं आधी सांगते, कारण दवाखान्यात उभं राहताना पायाखाली काहीतरी घट्ट लागतं. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी समीरा कोहली खटल्याचा निकाल दिला. दिल्लीत १९९५ मध्ये घडलेली गोष्ट. ४४ वर्षांच्या या बाईंनी दुर्बिणीतून तपासणीला संमती दिली होती. त्या भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या त्यांच्या आईची सही घेतली गेली आणि गर्भाशय, अंडाशय काढून टाकलं. डॉक्टरांनी हेतू वाईट ठेवला होता असं न्यायालय म्हणालं नाही. निवडलेला उपचार वैद्यकीयदृष्ट्या चूक होता असंही नाही. तरीही न्यायालयाने ठरवलं की रुग्ण सज्ञान आहे, फक्त काही वेळापुरती बेशुद्ध आहे, जिवावर बेतलेलं नाही, तर आईला तिच्या वतीने होकार देता येत नाही. थांबायचं, ती शुद्धीवर येऊ द्यायची, तिला विचारायचं. डॉक्टरांना फी मिळणार नाही आणि वर २५ हजार रुपये भरपाई द्यावी लागेल, असा आदेश झाला.

याच निकालात खरी संमती कशाला म्हणायचं तेही सांगितलंय. काय करणार, कशासाठी करणार, त्याचा फायदा काय, मोठे धोके कोणते, दुसरा मार्ग आहे का आणि नको म्हटलं तर काय होऊ शकतं, एवढं रुग्णाला समजेल असं सांगायला हवं. यातलं शेवटचं पुन्हा वाच. नको म्हटलं तर काय, हे सांगणं डॉक्टरचं काम आहे. म्हणजे नको म्हणण्याची शक्यता न्यायालयाने धरूनच ठेवलीय. तू मॅडमना नेमकं तेच विचारलंस. तुझा प्रश्न उद्धट नव्हता.

आता त्या फॉर्मकडे येऊ. नवऱ्याची सही घ्यायची पद्धत आली कुठून? डॉक्टरांसाठी २००२ ची जी आचारसंहिता आहे तिच्यात शस्त्रक्रियेपूर्वी लेखी संमती घ्यायला सांगितलंय आणि ती कुणाची, तर पती किंवा पत्नीची, अज्ञान असेल तर आईवडील वा पालकांची, किंवा स्वतः रुग्णाची, जसं असेल तसं. रुग्णाचं नाव सगळ्यांत शेवटी. दवाखान्यांनी त्यातलं पहिलं नाव उचललं आणि बायकांच्या बाबतीत तेच कायम झालं. पण २००८ च्या निकालानंतर शंकेला जागा नाही. तू सज्ञान आहेस, शुद्धीत आहेस, सही तुझी. नवऱ्याने साक्षीदार म्हणून खाली सही केली तर हरकत नाही. गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यातही सज्ञान बाईच्या संमतीशिवाय दुसऱ्या कुणाची संमती लागत नाही, आणि तिथेही दवाखाने सर्रास नवऱ्याची सही मागतात. तेव्हा चालत आलेलं सगळं कायद्याचं असतं असं समजू नकोस. आणि हो, कळा येतात म्हणून बाई कायद्याने अज्ञान ठरत नाही. ती ओरडत असेल, रडत असेल, तरी तिचं "नको" हे "नको"च असतं.

कोऱ्या जागांच्या फॉर्मवर घेतलेल्या सहीला मी संमती म्हणणारच नाही. कशाला होकार दिला तेच त्यात लिहिलेलं नाही. आणि एकदा सही झाली म्हणून तू बांधली जात नाहीस. होकार केव्हाही मागे घेता येतो, टेबलावर झोपल्यावरसुद्धा.

कायदा एक अपवाद मानतो, तोही सांगायला हवा. बाई बेशुद्ध आहे, बोलू शकत नाही, जवळ विचारायला कुणी नाही आणि जीव जातोय, अशा वेळी डॉक्टरने भल्यासाठी केलेला उपचार गुन्हा ठरत नाही. पूर्वी हे भारतीय दंड संहितेच्या कलम ९२ मध्ये होतं, आता न्याय संहितेच्या कलम ३० मध्ये आहे. हा अपवाद बोलू न शकणाऱ्या बाईसाठी आहे. बोलणाऱ्या बाईचं तोंड बंद करायला तो वापरता येत नाही. बाळासाठी म्हणून जबरदस्ती करता येते का, हा प्रश्न इंग्लंडमध्ये कोर्टात गेला होता. ३६ आठवड्यांच्या एका गरोदर बाईला रक्तदाब धोकादायक वाढलेला असताना तिच्या मर्जीविरुद्ध मनोरुग्ण कायद्याखाली ठेवून सिझर केलं गेलं. १९९८ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं. गरोदर झाल्याने बाईचा स्वतःच्या शरीरावरचा हक्क कमी होत नाही, असं ते म्हणालं. तो निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण विचार कुठल्या दिशेने जातो ते कळतं.

हक्काचं झालं. पण हक्क आहे म्हणून प्रत्येक वेळी "नको" म्हणणं शहाणपणाचं असतं का? नाही. इथे मी सिस्टर म्हणून बोलते.

तुला मागच्या वेळी जे सोसावं लागलं त्यातलं बरंचसं वैद्यकीय कारणाने झालंच नव्हतं, सवयीने झालं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये बाळंतपणातल्या देखभालीबद्दल ज्या शिफारशी काढल्या त्यात हे स्पष्ट आहे. सरसकट कट देऊ नये. पोट वरून दाबून बाळ बाहेर ढकलू नये. सगळं ठीक चाललेलं असताना आतून तपासणी साधारण चार तासांनी एकदा पुरते. एनिमा, केस काढणं हे नेहमीचं म्हणून करायचं नाही. बाईला हिंडू फिरू द्यावं, पाणी पिऊ द्यावं, खाऊ द्यावं, ज्या स्थितीत बरं वाटेल त्या स्थितीत राहू द्यावं. आणि पिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंत बाळंतपणाने वेग घेतलेला नसतो, त्याआधी "प्रगती नाही" म्हणत घाई करू नये. आम्ही तासाला एक सेंटिमीटर हा हिशोब घोकला होता. तो सगळ्या बायकांना लागू पडत नाही हेही तिथे म्हटलंय. या गोष्टींना तू आधीच "मला विचारल्याशिवाय नको" म्हणून ठेव, बिनधास्त. पोट दाबण्याला तर "नकोच" म्हण. शिकणाऱ्या मुलांनी तपासायचं का, हेही तुझ्याच हातात आहे. मुलांनी शिकायला हवं हे मला मान्य आहे. ती विचारून शिकू शकतात.

काही गोष्टी मात्र अशा आहेत ज्यांना मी स्वतः कधी नाही म्हणणार नाही, माझ्या मुलीलाही म्हणू देणार नाही. बाळ बाहेर आल्याबरोबर मांडीत देतात ते गर्भाशय आवळणारं इंजेक्शन. वार पडल्यावर रक्त थांबलं नाही तर धडधाकट बाई बघता बघता पांढरी पडते, मी पाहिलंय. हा रक्तस्राव कुणाला होईल हे आधी सांगता येत नाही. बाळाला जन्मल्यावर देतात ते के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन. बाळाचे ठोके अधूनमधून ऐकणं, तुझा रक्तदाब बघणं. आणि नाळ बाळाच्या आधी बाहेर आली, वार खाली तोंडावर बसलीय, ठोके खाली गेले ते वर येत नाहीत, बाळ आडवं आहे, असं कुणी सांगितलं तर सिझरला हो म्हण. तिथे मिनिटांचा प्रश्न असतो. नाही म्हणायचा हक्क तिथेही तुझाच आहे, कायद्याने तो जात नाही. पण त्याची किंमत काय असेल हे तुला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं, म्हणून मी सांगते.

मग घाई खरी कुठली आणि खोटी कुठली हे कळा सोसणाऱ्या बाईने ओळखायचं कसं? इतक्या वर्षांत मला एकच प्रश्न सापडला. "आपल्याकडे किती वेळ आहे?" एवढंच विचारायचं. खरी घाई असेल तर सिस्टर किंवा डॉक्टर मान वर न करता सांगतात, "वेळ नाही, आत्ता." त्यांचे हात थांबत नाहीत, दोन माणसं जास्त धावत येतात, सगळ्या खोलीचा आवाज बदलतो. आणि "बघू, अर्ध्या तासाने ठरवू" असं उत्तर आलं, तर अर्धा तास आहे, म्हणजे बोलायला वेळ आहे. का करायचं, दुसरं काय करता येईल, थांबलो तर काय होईल, हे त्या अर्ध्या तासात विचारता येतं. मला आवाज चढवून बोललेल्या बायका कमी आठवतात. हा प्रश्न शांतपणे विचारणाऱ्या एकदोघी मात्र नीट लक्षात आहेत, कारण त्यांच्यामुळे मलाच थांबून विचार करावा लागला होता.

आता तुझ्या तारखेचं बघू. कळा सुरू करण्याबाबतही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. बाकी काही गुंतागुंत नसेल तर ४१ आठवडे पूर्ण होण्याआधी कळा सुरू करायची गरज नाही, आणि ४१ पूर्ण झाल्यावर मात्र सुरू कराव्यात. म्हणजे तारीख, जी ४० आठवड्यांची असते, ती उलटली त्याच दिवशी ॲडमिट व्हायलाच हवं असं नाही. पण तुला साखर असेल, रक्तदाब असेल, बाळाची वाढ कमी असेल, बाळाभोवतीचं पाणी कमी असेल, तर हिशोब बदलतो, आणि पत्रात तू त्याबद्दल काही लिहिलेलं नाहीस. म्हणून मॅडमना असं विचार, "माझ्या बाबतीत काही वेगळं कारण आहे का? नसेल तर ४१ पूर्ण होईपर्यंत एक दिवसाआड येऊन तपासून घेतलं तर चालेल का?" यात तू "नको" म्हणत नाहीस, "अजून नको" म्हणतेस, आणि सोबत तपासायला यायची तयारी दाखवतेस. बहुतेक डॉक्टर याला तयार होतात. या काळात बाळाची हालचाल कमी वाटली तर मात्र वाट पाहायची नाही, रात्री दोन वाजले असले तरी निघायचं.

"दुसरा दवाखाना बघा" हे वाक्य तुला फार लागलं, हे मला पत्रातून दिसलं. खाजगी डॉक्टर तातडीच्या नसलेल्या कामाला नकार देऊ शकतात, पण कळा सुरू झालेल्या बाईला दारातून परत पाठवू शकत नाहीत. तातडीच्या रुग्णाला नाकारायचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलंय. तरी माझं मत विचारशील तर, जी डॉक्टर आठव्या महिन्यात एका प्रश्नावर दार दाखवते, तिच्याशी अजून एकदा शांतपणे बोलून बघ. तेव्हाही तेच उत्तर आलं तर खरंच दुसरा दवाखाना बघ. अजून वेळ आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात स्त्रीरोगतज्ज्ञ गरोदर बायकांना मोफत तपासतात. तुझं कार्ड, सोनोग्राफी घेऊन तिथे जा आणि दुसरं मत घे. सरकारी म्हटल्यावर तुझ्या पोटात गोळा येईल, समजतं मला. पण एक दवाखाना म्हणजे सगळे दवाखाने नव्हेत. केंद्र सरकारच्या 'लक्ष्य' कार्यक्रमात, जो डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झाला, बाईला सन्मानाने वागवणं आणि सोबतीला माणूस असू देणं या गोष्टींवर लेबर रूमला गुण मिळतात. काही ठिकाणी त्याने खरोखर फरक पडलाय. मी निवृत्त होण्याआधी शेवटची दोन वर्षं आमच्या खोलीत प्रत्येक टेबलामध्ये पडदा होता. आधीच्या सत्तावीस वर्षांत तो नव्हता.

सिझरबद्दल तू विचारलं नाहीस, पण तुझ्या मनात असणार. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खाजगी दवाखान्यांतली ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरने झाल्याचं दिसलं, सरकारी दवाखान्यांतली १४.३ टक्के. या आकड्यावरून एखादीचं सिझर गरजेचं होतं की नाही हे कुणी ठरवू शकत नाही. पण "का?" विचारायला हा आकडा पुरेसा आहे. तुझं पहिलं बाळंतपण खालून झालंय, त्यामुळे दुसरं तसंच व्हायची शक्यता चांगली असते, हे मनाशी ठेव.

आता सासूबाई. "बाळाला काही झालं तर" ही भीती खोटी नाही. त्यांच्या पिढीने बाळं जाताना पाहिलीत, बायका जाताना पाहिल्यात. महाराष्ट्रात २०१८-२० या काळात लाखभर जन्मांमागे ३३ मातामृत्यू झाले. हा आकडा आधी कितीतरी मोठा होता, आणि तो खाली यायला दवाखान्यातली बाळंतपणं हे एक मोठं कारण आहे. म्हणूनच मागच्या अनुभवाला वैतागून घरीच बाळंत होते असं कुणी म्हटलं तर मी हात जोडून नको म्हणते. पण सासूबाईंना एकदा निवांतपणे विचार, "तुमच्या वेळी कसं झालं होतं?" त्या सांगतील. सुईण असेल, नाहीतर कुठलीशी आरोग्य केंद्रातली बाई. बहुतेक वेळा अशा गोष्टीत एक जागा येते जिथे सांगणारी थांबते. तिथे तूही थांब, त्यांना बोलू दे. मी कितीतरी सासवांकडून ऐकलंय, "मला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मला वाटायचं विचारायचंच नसतं."

आणि मग त्यांनाच सोबत चल म्हण. सोबतिणीला आत येऊ द्यावं, अशा सूचना केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांसाठी काढल्या. ती घरातली बाई असावी आणि स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी असं त्यात आहे. पतीला येऊ द्यायचं ते इतर बायकांचा आडोसा सांभाळला जात असेल तिथे. खाजगी ठिकाणी हे बोलून ठरवावं लागतं, आजच बोल. "सून काय म्हणतेय ते ऐका हो" असं म्हणणारी एक वयस्कर बाई डोक्याशी उभी असली की खोलीतल्या लोकांचं वागणं किती बदलतं, ते मी सांगून पटणार नाही.

तांबीचं मुद्दाम शेवटाकडे ठेवलंय, कारण त्याचा मला सगळ्यांत जास्त राग येतो. तांबी वाईट नाही, अनेकींना चांगली मानवते. पण ती वार पडल्यावर दहा मिनिटांत बसवतात, जेव्हा बाई अर्धवट ग्लानीत असते. म्हणून ती बसवायची की नाही ही चर्चा त्याआधी, तपासणीच्या महिन्यांत व्हायला हवी. ऐन कळांत "बसवू का?" विचारून मिळालेला हुंकारही मी होकार मानत नाही, आणि तुला तर तेवढंही विचारलं नाही. प्रत्येक तांबीमागे बसवणाऱ्याला आणि आशाताईला प्रत्येकी १५० रुपये मिळण्याची योजना होती, मोजदाद व्हायची. बाई त्या मोजदादीत हरवली. या वेळी कार्डावरच लिहून घे, "तांबी नको" किंवा "हवी", जे तुझं ठरेल ते. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनचंही तसंच. सिझर झालंच तर "बरोबर ऑपरेशनही उरकून टाकू" असं बाहेर नवऱ्याला विचारायचं नाही. ते तुला आधी विचारायचं आणि तुझी वेगळी सही घ्यायची.

मागच्या प्रकाराची दाद मागायची का? मोफत सेवा देणारं सरकारी रुग्णालय ग्राहक कायद्याखाली येत नाही, त्यामुळे तो रस्ता नाही. पण तुझे केसपेपर मागायचा तुला हक्क आहे, माहितीच्या अधिकारात अर्ज केलास तर ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्यात तांबीच्या संमतीवर कुणाची सही किंवा अंगठा आहे ते बघ. मग जिल्हा शल्यचिकित्सकांना लेखी तक्रार. हे सगळं बाळंतपणानंतर कर, आता डोक्याला तो ताप नको. आणि करावंसं वाटलं नाही तर नको करूस, त्यातही तुझ्यावर कुणाची सक्ती नाही.

आताच्या कामाला लाग. शाळेच्या वहीचं अर्धं पान घे आणि तुझ्या शब्दांत लिही. नमुना म्हणून मी लिहिते, हवं तसं बदल:

"मॅडम, माझ्यासोबत सासूबाई राहतील. आतून तपासण्याआधी मला सांगावं आणि मी हो म्हणेपर्यंत थांबावं. सगळं ठीक असेल तर मला चालू फिरू द्यावं, पाणी पिऊ द्यावं. कट गरजेचा वाटला तर का ते सांगावं आणि जागा बधिर करून द्यावा. पोटावर दाबू नये. सिझरची वेळ आली तर कारण मला सांगावं, सही मी करेन. तांबी व ऑपरेशन नको. मी बेशुद्ध असेन तर जीव वाचवायला जे लागेल ते करावं. बाळ ठीक असेल तर लगेच माझ्या अंगावर द्यावं."

शेवटून दुसरी ओळ गाळू नकोस. ती वाचून डॉक्टरांच्या मनातली भीती कमी होते. त्यांनाही भीती असते, बाळंतीण दगावली तर दवाखान्यावर दगड पडतात हे त्यांनी पाहिलेलं असतं. तू भांडायला आलेली नाहीस हे त्यांना त्या ओळीतून कळेल. दोन प्रती काढ. एक मॅडमसमोर वाचून दाखव आणि फाइलमध्ये लावायला सांग, दुसरी सासूबाईंच्या पिशवीत राहू दे. प्रसूतिगृहाच्या दर्शनी भागात रुग्णहक्कांची सनद लावलेली आहे का तेही बघून ये. महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती झाल्यापासून ती लावणं बंधनकारक आहे. लावलेली असेल तर बोलताना त्या भिंतीकडे बोट दाखवता येतं.

आणि हे पान घेऊन जाशील त्या दिवशी पहिलं काम, काउंटरवर तो कोऱ्या जागांचा फॉर्म परत माग. नवऱ्याला बरोबर ने, कारण सही त्याची आहे. "हा रद्द करून घ्या, ज्या वेळी जे करायचं असेल त्या वेळी तिला सांगून तिची सही घ्या," हे वाक्य त्यानेच म्हटलेलं जास्त बरं. काय झालं ते मला कळव. नवव्या महिन्यात कळवलंस तरी मी वाट बघतेय.